पिकवरचा आकडा आणि पिकची कड

पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी, पातळ पट्टी. गिटारची तार पिकपासून सुटली की पिकचं काम संपलं. त्यापुढे जे वाजतं ते तारेचं, ब्रिजचं (पेटीवरच्या घोडीचं) आणि लाकडी पेटीचं. तरीही एकाच गिटारवर, एकाच हातानं, दोन वेगळ्या पिकनी तोच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवला तर फरक कुणालाही ऐकू येतो. तार कुठे ओढली, किती ओढली आणि कशी सुटली, यावर तिच्या आवाजात काय काय मिसळणार हे त्याच क्षणी ठरून जातं.

मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात पिक मागितला की काउंटरवर रंगीबेरंगी पिकचा डबा समोर येतो आणि बहुतेक जण वरचा आकडा बघून निवडतात. ०.४६, ०.६०, ०.७३, ०.८८, १.० ही मिलिमीटरमधली जाडी. जाडी महत्त्वाची आहेच. पण ॲकॉस्टिक (बिनविजेच्या) गिटारच्या बाबतीत पिकची कड आणि तो ज्याचा बनलाय तो पदार्थ यांच्याकडे आपण फारच कमी बघतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी जाडीचं बघू. एखादी पट्टी वाकवायला किती जोर लागतो हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. म्हणजे त्याच प्लास्टिकचा, त्याच आकाराचा १ मिमीचा पिक ०.५ मिमीच्या पिकपेक्षा दुप्पट नव्हे, आठपट ताठ असतो. ०.६० आणि ०.७३ मध्ये फरक जेमतेम केसाएवढा दिसतो, पण ताठपणा सुमारे ८०% वाढलेला असतो. शेजारशेजारच्या दोन आकड्यांचे पिक हाताला इतके वेगळे का लागतात, ते यावरून कळेल.

हाच घनाचा हिशेब बोटांबाहेर राहिलेल्या टोकालाही लागू पडतो, फक्त उलटा. ८ मिमी टोक बाहेर ठेवण्याऐवजी ६ मिमी ठेवलं तर तोच पिक दुपटीहून जास्त ताठ होतो. त्यामुळे आपली पकड पक्की बसेपर्यंत नवनवीन जाडीचे पिक विकत घेत सुटण्यात फारसा अर्थ नाही.

आता तारेकडे. लाइट सेटमधली (बारीक तारांच्या संचातली) सगळ्यात बारीक तार साधारण ०.३० मिमीची असते आणि तिच्यावर १० किलोच्या वर ताण असतो. ब्रिजपासून १३ सेंटिमीटरवर ती २ मिमी ओढायची तर सुमारे २०० ग्रॅम वजनाएवढा जोर लागतो. ब्रिजच्या जवळ, ५ सेंटिमीटरवर तेवढंच ओढायला दुपटीहून जास्त. पातळ पिक एका मर्यादेनंतर वाकतो आणि तारेला सोडून देतो, त्यामुळे हात कमीजास्त पडला तरी सहाही तारा बऱ्यापैकी सारख्या वाजतात. स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवून वाजवायला, तो बरा वाटतो तो यासाठी. जाड पिक वाकत नाही. तार किती ओढली जाणार हे सर्वस्वी हातावर येतं, म्हणून एकेक सूर वाजवणाऱ्यांना तो आवडतो आणि नवशिक्याला अवघड जातो.

पण आवाजाचा रंग? त्यासाठी उपस्वरांकडे जावं लागेल. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारितेचे स्वरही निघतात. तंबोऱ्याशी बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. षड्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा पाचपटीचाच उपस्वर.

घरी गिटार असेल तर हे करून बघा. सगळ्यात जाड तार बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) बरोबर वर, म्हणजे तिच्या मध्यावर, पिकनं छेडा. आवाज गोल आणि थोडा पोकळ येईल. ती वाजत असतानाच तिथेच बोटाचं टोक अलगद टेकवून लगेच उचला. तार जवळजवळ गप्प होते. आता तीच तार ब्रिजजवळ छेडा आणि बाराव्या फ्रेटवर तसंच बोट टेकवा. या वेळी वरच्या सप्तकातला स्वर खणखणीत वाजत राहतो.

दुप्पट, चौपट, सहापट या उपस्वरांच्या कंपनात तारेचा मध्य स्थिर असावा लागतो. आपण नेमका तोच बिंदू ओढला, म्हणून ते जन्मालाच आले नाहीत. बोट टेकवल्यावर उरलेले विषम उपस्वरही गेले, मग वाजायला राहिलं काय? तारेच्या एकपंचमांशावर, साउंडहोलच्या (पेटीवरच्या गोल भोकाच्या) ब्रिजकडच्या कडेच्या आसपास छेडलं, तर असाच पाचपटीचा गंधार गळतो. जिथे छेडलं तिथे स्थिर असणारे उपस्वर गळतात, हा नियम शास्त्रज्ञ थॉमस यंग यांच्या नावानं ओळखला जातो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिताना दाखवलं की या वाद्यांत तो पाळलाच जात नाही. जवारीच्या रुंद, किंचित गोलाईच्या घोडीला तार वारंवार टेकते आणि गळायला हवा तो उपस्वर पुन्हा उभा करते. गिटारच्या ब्रिजवरची पट्टी अरुंद असल्यामुळे तिथे यंगचा नियम बराचसा चालतो, आणि म्हणूनच गिटारवर छेडण्याच्या जागेला एवढं महत्त्व.

कोणते उपस्वर गळणार हे जागा ठरवते. वरचे उपस्वर किती भरणार, हे मात्र कडेवर आहे. ओढलेली तार सुटण्याआधी पिकच्या टोकाशी एक कोपरा करते. कोपरा जितका धारदार, तितके वरचे उपस्वर जास्त, आवाज तितका लखलखीत. टोक गोलसर असेल तर कोपराही गोलावतो आणि वरचे उपस्वर दबतात. बोटानं वाजवलेली गिटार मऊ लागते तीही यामुळेच. म्हणून १.५ मिमीचा पण टोकाला नीट गोल केलेला पिक ०.६० च्या टोकदार पिकपेक्षा जास्त उबदार वाजू शकतो. जाड म्हणजे कर्कश हा समज मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय. तो बरोबर नाही.

काही महिने वापरलेला पिक खिडकीपाशी नेऊन फोनच्या कॅमेऱ्यात मोठा करून बघा. टोकाची एकच बाजू तिरकी तासल्यासारखी झिजलेली दिसेल, आणि त्या उतारावर एकमेकींना समांतर बारीक रेघा. त्या ओढल्यात जाड तारांवर गुंडाळलेल्या कांस्याच्या वेढ्यांनी. हात तारेला पिक कधीच पूर्ण सपाट लावत नाही, थोडा तिरका लावतो. त्यानं तार कडेवरून सहज घसरून सुटते, पण तिरकेपणा फार झाला की वेढ्यांवरून घासल्याची खरखर सुराच्या आधी ऐकू येते. ही खरखर नको असेल तर कड बारीक पॉलिश पेपरवर गोल करा आणि मग जीन्सच्या कापडावर घासून गुळगुळीत करा. फरक लगेच ऐकू येतो.

पदार्थाबद्दल सांगताना कासवाला टाळता येत नाही. हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या कवचाचे पिक एकेकाळी सर्वोत्तम मानले जात. त्या शिकारीनं ही जात संकटात आली. १९७७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला स्थान आहे. कुणी जुना खरा कवचाचा पिक म्हणून काही विकत असेल तर हात लावू नका. पर्याय हवाच म्हणून १९८१ मध्ये डनलॉप कंपनीनं टॉर्टेक्स हा पिक बाजारात आणला. तो डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचा असतो. त्याच्याही आधीपासून चालत आलेलं सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनतं. असा पिक बोटानं जोरात घासून हुंगला तर कापराचा मंद वास येतो. सरोदचा जवा (त्याचा पिकच) तर नारळाच्या करवंटीचाही करतात, आणि करवंटीचे गिटार पिकही मिळतात.

मुंबईकरांनी खास लक्ष द्यावं ते नायलॉनकडे. नायलॉनच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या बंधांमध्ये पाण्याचे रेणू शिरतात आणि पकड सैल करतात. पूर्ण कोरड्या नायलॉनच्या तुलनेत दमट हवेत मुरलेल्या नायलॉनचा ताठपणा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. पिक पातळ असल्यानं ओलावा हळूहळू आतपर्यंत मुरतो, आणि जुलैत इथली आर्द्रता ८०% च्या वर असते. मे महिन्यात एसीच्या खोलीत छान वाटलेला ०.७३ चा नायलॉन पिक पावसाळ्यात लिबलिबीत का झाला, असं वाटलं तर हाताला दोष देऊ नका. ताठपणा निम्मा झाला असं धरलं तर तो भरून काढायला जाडी सुमारे २६% वाढवावी लागते, म्हणजे ०.७३ च्या जागी ०.९० च्या आसपासचा पिक. त्यापेक्षा डेल्रिन सोपं, ते पाणी अगदी नगण्य शोषतं. (त्याच दिवसांत गिटारची वरची फळीही ओलावा पिऊन फुगते आणि तारा फ्रेटबोर्डपासून वर जातात, तो भाग निराळा.)

ॲकॉस्टिक नुकतीच हाती घेतलेल्यांना मी ०.७३ किंवा ०.८८ चा डेल्रिनचा पिक सुचवीन, आणि दुकानातच तो दोन्ही प्रकारे वाजवून बघा म्हणेन. दोन्ही प्रकारे म्हणजे आधी टोकानं आणि मग फिरवून खांद्याकडच्या गोल कोपऱ्यानं. नेहमीच्या आकाराच्या पिकला एक टोक आणि दोन बोथट कोपरे असतात. रात्री चाळीत किंवा फ्लॅटमध्ये हळू वाजवायचं असेल, किंवा गाणाऱ्याचा आवाज नाजूक असेल, तेव्हा गोल कोपरा वापरा. वरचे उपस्वर दबतात, तारेवर पिक टेकल्याची टकटकही कमी होते, आणि त्यासाठी दुसरा पिक घ्यावा लागत नाही.