मोडेम सारखा डिसकनेक्ट होतोय? तो ओरडतोय का ते आधी बघा

नेट गेलं की आपण सगळे एकच करतो, मोडेमचा प्लग काढायचा, मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि परत लावायचा. बऱ्याचदा चालतंही, म्हणून तर ती सवय लागते. पण तासाभराने नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच रडगाणं. कारण रिस्टार्टने बिघाड गेलेला नसतोच, मोडेमने फक्त केबल कंपनीच्या मशीनशी बोलणी पहिल्यापासून सुरू केलेली असतात.

आधी एक खात्री करून घ्या, की दोष मोडेमचाच आहे, वायफायचा नाही. लॅपटॉप लॅन केबलने जोडा आणि नेट जाईल तेव्हा मोडेमच्या ऑनलाइनच्या दिव्याकडे बघा. दिवा स्थिर असेल आणि केबलवर नेट चालू असेल तर गडबड वायफायची, पुढचं सगळं वाचायची गरज नाही. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र लाइनमध्ये काहीतरी आहे.

आता मजा अशी की लोक लगेच डाउनलोड स्पीड तपासायला लागतात आणि खरी भानगड बहुतेक वेळा उलट दिशेला असते. एकाच कोॲक्स केबलमधून, म्हणजे टीव्हीच्या त्या जाड गोल केबलमधून, दोन्हीकडची वाहतूक चालते. कंपनीकडून घरी येणारा भाग म्हणजे डाउनस्ट्रीम, त्याला भरपूर जागा असते. घरून कंपनीकडे जाणाऱ्या अपस्ट्रीमला मात्र फ्रिक्वेन्सीचा अगदी खालचा पट्टा मिळालेला असतो, उत्तर अमेरिकेत पूर्वापार ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपात ५ ते ६५. शॉर्टवेव्ह रेडिओ, मोटारींच्या ठिणग्या, स्वस्तातल्या चार्जरची खरखर, हा सगळा कचरा नेमका याच पट्ट्यात येऊन पडतो. वरून डाउनस्ट्रीममध्ये एक बोलणारा आणि ऐकणारे शेकडो, तर अपस्ट्रीममध्ये शेकडो घरं एकाच कानात बोलतात, त्यामुळे प्रत्येक घरातला सैल कनेक्टर जो आवाज आत घेतो तो सगळा गोळा होऊन त्या एका कानावर आदळतो. म्हणजे शेजाऱ्याच्या ढिल्या कनेक्टरमुळे तुमचं नेट जाऊ शकतं, आणि हे खरंच होतं!

त्या गोंगाटात आपलं म्हणणं पोचावं म्हणून मोडेमला आवाज सतत जुळवून घ्यावा लागतो. तो मधूनमधून विचारतो, ऐकू येतंय का, आणि पलीकडचं मशीन सांगतं, जरा वाढव, जरा कमी कर. २०० मिलिसेकंदात उत्तर आलं नाही की मोडेम लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहितो टी३ टाइमआउट आणि परत विचारतो. सलग १६ वेळा उत्तर नाही आलं की तो ते चॅनल, म्हणजे पट्ट्याचा तो तुकडा, सोडून देतो, आणि दुसरं वापरण्याजोगं नसेल तर गाडी परत शून्यावर. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की नेट गेलं.

हे सगळं तुम्हाला स्वतःला वाचता येतं. बहुतेक केबल मोडेम ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की आपलं स्टेटस पेज दाखवतात. आकडे बघून घाबरू नका, चारच गोष्टी बघायच्या. डाउनस्ट्रीम पॉवर शून्याच्या आसपास हवी, उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही म्हणजे मस्त (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्य म्हणजे बरोब्बर एक मिलिव्होल्ट). एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते, ३३ डीबीच्या वर असलेला बरा. आणि अपस्ट्रीम पॉवर, ही खरी नाडी, ४०-४५ असेल तर निवांत, ५० च्या पुढे गेली तर समजा मोडेम घसा फोडून ओरडतोय. दर ३ डीबीला ताकद दुप्पट होते, म्हणजे ४२ वरून ५१ वर गेलेला मोडेम आठपट जोर लावतोय, आणि चार अपस्ट्रीम चॅनल एकदम वापरणाऱ्या मोडेमची धाव साधारण तिथेच संपते.

चौथी गोष्ट म्हणजे अनकरेक्टेबल, दुरुस्त न होऊ शकलेल्या गठ्ठ्यांचा आकडा. चुका दुरुस्त करण्यामागचं गणित १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन या दोघांनी मांडलं, तेच पुढे सीडीमध्येही वापरलं गेलं म्हणून ओरखडे असूनही गाणं वाजायचं. केबलच्या नेहमीच्या डाउनस्ट्रीम चॅनलवर, निदान उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीत, १२८ चिन्हांच्या गठ्ठ्यात १२२ कामाची आणि ६ दुरुस्तीसाठी राखीव असतात, त्या सहांच्या जिवावर ३ चुकलेली चिन्हं दुरुस्त होतात. चौथं चुकलं की तो गठ्ठा गेला, अनकरेक्टेबल. मोडेम सुरू होताना थोडे दिसतात ते सोडून द्या, पण तासातासाला वाढत असतील तर लाइन खराब आहे.

मग दोष शोधायचा कुठे? पहिला संशय स्प्लिटरवर, म्हणजे एका केबलचे दोन-तीन फाटे करणाऱ्या डबीवर. दोन तोंडांचा साधा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर साधारण ३.५ डीबी खातो आणि तोही दोन्ही दिशांना, म्हणजे मोडेमला तेवढंच जास्त ओरडायला लागतं. माझ्याकडे कपाटामागून तीन तोंडांचा एक निघाला ज्याच्या दोन तोंडांना काहीच जोडलेलं नव्हतं, कधीकाळी टीव्ही होते तिथे, आणि मी दोन महिने राउटरला शिव्या देत होतो. रिकामं तोंड तसंच ठेवलं तर सिग्नल तिथून आपटून मागे फिरतो, त्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल शोषून घेणारं टोपण, लावायचा किंवा स्प्लिटरच काढून टाकायचा.

दुसरा संशय कनेक्टरवर. केबलची मधली तार बहुतेक वेळा पोलादाची असते आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. हे कंजूषपणाने केलेलं नाही, जास्त फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पोटातून जातच नाही, कातडीवरून जातो, १०० मेगाहर्ट्झला तांब्यात ती कातडी जेमतेम ६-७ मायक्रॉन जाडीची. म्हणून तारेच्या टोकावर हिरवट थर दिसला की तो किरकोळ समजू नका, सिग्नल नेमका तिथूनच धावतो. टोक नवीन कापून कनेक्टर नवीन बसवा, हाताने घट्ट करा आणि पान्याने अगदी थोडं आवळा.

सिग्नल वाढवणारा बूस्टर मात्र लगेच विकत आणू नका. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि त्यातल्या काहींना अपस्ट्रीमसाठी परतीची वाटच नसते, मग होतं तेही बंद.

वेळेची नोंद ठेवा, त्यातून बरंच कळतं. पावसात जात असेल तर बाहेरच्या केबलमध्ये पाणी शिरलंय. रात्री सगळे ऑनलाइन असताना त्रास होत असेल तर ती गर्दी, पण गर्दीने नेट स्लो होतं, तुटत सहसा नाही. भर उन्हात जात असेल तर केबल तापून सिग्नल जास्त खातेय, दर ५-६ अंशांना साधारण एक टक्का, हे ऐकायला काहीच नाही पण आधीच ५० वर टेकलेल्या मोडेमला तेवढंही पुरतं, आणि सैल कनेक्टर उन्हाने प्रसरण पावून आणखी हलतो ते वेगळंच.

शेवटची चाचणी अशी, मधले सगळे स्प्लिटर काढा, बाहेरून आलेली केबल थेट मोडेमला लावा आणि अपस्ट्रीमचा आकडा परत बघा. ५१ चा ४७ झाला तर चोर घरातच होता. काहीच फरक नाही पडला तर दोष भिंतीबाहेर आहे, ते काम कंपनीचं, फोन करा आणि सरळ आकडे सांगा, टी३ किती वेळा आलाय, अपस्ट्रीम किती, अनकरेक्टेबल किती. फक्त स्क्रीनशॉट फोन करायच्या आधी काढून ठेवा, कारण पलीकडचा माणूस सगळ्यात आधी रिस्टार्ट करायला सांगणार, आणि रिस्टार्ट केला की अनकरेक्टेबलचे आकडे परत शून्यावर.