एक बॉल, दोन स्ट्राइक: चालू सामन्यातले आकडे कसे वाचायचे

२७ ऑक्टोबर २०११, सेंट लुईस. बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिज या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्याच्या नवव्या इनिंगचा उत्तरार्ध. टेक्सास रेंजर्स ७, सेंट लुईस कार्डिनल्स ५. दोन आऊट झालेले, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक धावपटू आणि बॅटर डेव्हिड फ्रीसचा काउंट १-२. मालिकेत रेंजर्स ३-२ ने पुढे होते, त्यामुळे आणखी एक स्ट्राइक पडला की ते विजेते.

धावसंख्या, इनिंग, आऊट, बेस आणि काउंट या पाच गोष्टी कळल्या की बेसबॉलचा सामना कुठूनही अनुसरता येतो, मग समोर टीव्ही असो, फोन असो की नुसता रेडिओ. क्रिकेटची सवय असलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन आऊट. यजमान संघ नेहमी नंतर खेळतो. तीन बेस ओलांडून होम प्लेटवर, म्हणजे बॅटर उभा असतो तिथे, परत आलं की एक धाव. बॅटरचा फटका हुकला किंवा स्ट्राइक झोनमधून, म्हणजे होम प्लेटवरच्या काल्पनिक चौकटीतून, गेलेला चेंडू त्याने सोडला तर तो स्ट्राइक. असे तीन झाले की बॅटर आऊट. स्ट्राइक झोनबाहेरून गेलेला आणि बॅटरने सोडून दिलेला चेंडू म्हणजे बॉल. असे चार झाले की बॅटरला पहिला बेस आयता मिळतो, त्याला वॉक म्हणतात. काउंटमध्ये आधी बॉल सांगतात, मग स्ट्राइक. १-२ म्हणजे एक बॉल, दोन स्ट्राइक.

बेस रिकामे किंवा भरलेले असण्याच्या ८ शक्यता आणि आऊटच्या ३ (शून्य, एक, दोन) मिळून २४ स्थिती होतात. काउंटचे १२ प्रकार त्यात मिसळले तर २८८. कुठल्याही क्षणी सामना या २८८ पैकी एका घरात असतो. खेळ चेंडूगणिक थांबतो, त्यामुळे प्रत्येक स्थिती स्वच्छ नोंदवता येते आणि त्याच स्थितीत आधीच्या हजारो सामन्यांत पुढे काय झालं होतं, ते मोजता येतं. फुटबॉलसारख्या अखंड वाहणाऱ्या खेळात हे फार अवघड जातं.

ही मोजणी पहिल्यांदा नीट झाली ती एका प्रेक्षकाच्या चिकाटीमुळे. जॉर्ज लिंडसे हे कॅनडाच्या संरक्षण संशोधनात काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांचे वडील कर्नल चार्ल्स लिंडसे यांनी १९५९ आणि १९६० साली पावणेचारशेच्या आसपास सामने अनुसरून त्यांतली प्रत्येक स्थिती हाताने कागदावर उतरवली. त्या नोंदींतून मुलाने २४ स्थितींचा तक्ता मांडला आणि १९६३ मध्ये तो शोधनिबंधात छापून आला. या स्थितीपासून इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, हे त्या तक्त्यात दिसतं. सामना चालू असताना शांतपणे नोंद ठेवणाऱ्या माणसाने एका शास्त्राचा पाया घातला, ही गोष्ट मला या खेळाइतकीच मोलाची वाटते.

आजच्या मेजर लीगमधले (अमेरिका-कॅनडातली सर्वोच्च बेसबॉल लीग) आकडे ढोबळमानाने असे आहेत. बेस रिकामे आणि एकही आऊट नाही, तर सरासरी अर्धी धाव. पहिल्या बेसवर धावपटू आणि शून्य आऊट, तर ०.९ च्या आसपास. धावपटू दुसऱ्या बेसवर पण एक आऊट, तर ०.७. आता बंटकडे बघा. बॅटर चेंडू हलकेच समोर ठेवतो, स्वतः आऊट होतो आणि धावपटूला एक बेस पुढे सरकवतो. वर्षानुवर्षं हा शहाणपणाचा डाव समजला जायचा. तक्ता मात्र सांगतो की ०.९ वरून ०.७ वर आलात. बेस मिळाला, पण त्यासाठी मोजलेला आऊट जास्त महाग पडला. शेवटच्या इनिंगमध्ये एकच धाव हवी असेल तर हिशेब वेगळा होतो, कारण तिथे सरासरीपेक्षा निदान एक धाव होण्याची शक्यता महत्त्वाची ठरते. पण पहिल्या-दुसऱ्या इनिंगमध्ये बंट दिसला, तर तो सहसा तोट्याचाच असतो.

या तक्त्यात धावांचा फरक आणि उरलेल्या इनिंग मिळवल्या की जिंकण्याची टक्केवारी निघते. फोनवर चेंडूगणिक वरखाली होणारी रेघ ती हीच. फ्रीस खेळत असताना कार्डिनल्सची टक्केवारी दहाच्याही आत होती. रेंजर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) नेफ्ताली फेलिझ याचा फास्टबॉल फ्रीसने उजव्या बाजूला खोलवर मारला, चेंडू तिथे क्षेत्ररक्षण करणाऱ्या नेल्सन क्रूझच्या डोक्यावरून गेला, दोन्ही धावपटू घरी आले आणि फ्रीस तिसऱ्या बेसवर पोहोचला. ७-७.

या घडीची टक्केवारी कागदावर काढता येते. दोन आऊट असताना तिसऱ्या बेसवरचा धावपटू साधारण २७ टक्के वेळा घरी येतो. आला तर सामना तिथेच जिंकला. उरलेल्या ७३ टक्के वेळा जादा इनिंग, आणि तिथे दोघांना समान संधी धरू. ७३ चे निम्मे साडेछत्तीस, त्यात २७ मिळवले की साडेत्रेसष्ट. एका फटक्यात दहाच्या आतून साठीच्या वर! कार्डिनल्सना तिथे विजयी धाव मिळाली नाही. दहाव्या इनिंगमध्ये जॉश हॅमिल्टनच्या होमरनने (चेंडू थेट कुंपणापार धाडणारा फटका) रेंजर्स पुन्हा दोन धावांनी पुढे गेले आणि कार्डिनल्स पुन्हा शेवटच्या स्ट्राइकवर आले. लान्स बर्कमनने २-२ काउंटवर बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगमध्ये फ्रीसच्याच होमरनने १०-९ असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सातवा सामना जिंकून कार्डिनल्स विजेते झाले.

टक्केवारीसोबत काही ठिकाणी लेव्हरेज नावाचा आणखी एक आकडा दाखवतात. या क्षणी टक्केवारी किती हलू शकते, त्याचं ते माप. सरासरी क्षण १ धरला, तर २ म्हणजे दुप्पट नाजूक क्षण. दोघांतून एकच निवडायचा झाला तर लेव्हरेज बघावा, असं माझं मत आहे. टक्केवारी झालेल्या गोष्टींचा निष्कर्ष सांगते, तर लेव्हरेज आता डोळे कुठे लावायचे ते सांगतो. आठ धावांची आघाडी असताना बेस भरले तरी तो एकच्या खूप खाली राहतो.

या साऱ्या हिशेबाच्या मुळाशी जो चेंडू आहे, तो पिचरच्या हातातून सुटून बॅटरपर्यंत पोहोचायला जेमतेम ०.४ सेकंद घेतो. पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटचं अंतर १८.४४ मीटर आहे. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, म्हणून प्रत्यक्ष प्रवास साडेसोळा-सतरा मीटरचाच होतो. ताशी १५३ किलोमीटर वेगाने सुटलेला फास्टबॉल हवेच्या विरोधामुळे वाटेत आठ-दहा टक्के वेग गमावतो. बॅट फिरवून चेंडूपर्यंत आणायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे चेंडू ओळखून, मारायचा की सोडायचा हे ठरवायला पाव सेकंदही पुरता मिळत नाही.

आता उभ्या दिशेतली घसरण. ०.४ सेकंदात गुरुत्वाकर्षण कुठलाही चेंडू साधारण ७८ सेंटिमीटर खाली ओढतं. फास्टबॉल मिनिटाला सुमारे २३०० फेऱ्या या गतीने उलटा फिरत असतो. या फिरकीमुळे चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडूला वरच्या दिशेने जोर मिळतो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. त्यामुळे घसरण ४० सेंटिमीटरच्या आसपास कमी होते. चेंडू खालीच येत असतो, पण बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी. बॅटची जाडी जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर असते. एखाद्या पिचरची फिरकी या जोरात नेहमीपेक्षा पाच-सात सेंटिमीटरची भर घालत असेल, तर बॅट चेंडूच्या खालून जाते आणि फास्टबॉल वर उसळल्यासारखा भासतो. कर्व्हबॉलची फिरकी उलट दिशेची असते, म्हणून तो गुरुत्वाकर्षणापेक्षाही जास्त खाली पडतो. दोन स्ट्राइक झाल्यावर पिचर असाच चेंडू झोनच्या खाली बुडवतात. स्ट्राइकच्या भीतीने बॅटरला संशयास्पद चेंडूवरही बॅट फिरवावी लागते, आणि ०-२ काउंटवर बॅटरची कामगिरी इतकी का ढासळते त्याचं उत्तर यातच आहे.

मॅग्नस परिणामाला हवा लागते. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १५८० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा १८ टक्क्यांच्या आसपास विरळ आहे. तिथे कर्व्हबॉल कमी वळतो आणि मारलेला चेंडू लांब जातो. कोरड्या हवेत चेंडू सुकून जास्त उसळी घ्यायचे, म्हणून २००२ पासून तिथे चेंडू ठराविक आर्द्रतेच्या कपाटात ठेवले जातात. दमट हवा जड असते आणि चेंडूला अडवते, असं समालोचकही बोलून जातात. ते चूक आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो, त्यामुळे त्याच तापमानाला दमट हवा किंचित हलकीच असते. उसळी कमी होते ती दमट झालेल्या चेंडूची.

वेग, फिरकी, वळण हे आकडे चेंडू पडता पडता पडद्यावर येतात ते कॅमेऱ्यांमुळे. मेजर लीगच्या तीसही संघांच्या मैदानांवर २०१५ पासून स्टॅटकास्ट यंत्रणा आहे. सुरुवातीला तिची मदार रडारवर होती. रडारला एकूण फिरकी मोजता यायची, पण फिरकीचा अक्ष मात्र चेंडूच्या वळणावरून ताडावा लागायचा. २०२० पासून प्रत्येक मैदानात हॉक-आयचे बारा कॅमेरे आले. आपल्याकडे पायचीतच्या निर्णयातून घरोघरी माहीत झालेली ही तीच यंत्रणा. आता चेंडू कसा फिरतोय ते थेट दिसतं.

बॅटला लागून सुटलेल्या चेंडूचेही दोन आकडे झळकतात: सुटतानाचा वेग आणि उडण्याचा कोन. कोन दहा अंशांपेक्षा कमी असेल तर चेंडू जमिनीवरून जातो, दहा ते पंचवीसमध्ये सपाट आणि जोरकस, पन्नासच्या वर गेला तर नुसता उंच. ताशी १५८ किलोमीटरच्या वर वेग आणि २६ ते ३० अंश कोन हा सर्वात घातक मिलाफ, बरेच होमरन याच पट्ट्यातून येतात. वेगात ताशी १.६ किलोमीटरची भर पडली की चेंडू साधारण दीड मीटर लांब जातो.

हे आकडे फसवतात कुठे, तेही माहीत हवं. साधा तक्ता दोन्ही संघ सारखे आणि बॅटर सरासरी धरतो. त्याच सहाव्या सामन्याच्या दहाव्या इनिंगमध्ये कार्डिनल्सचे दोन धावपटू बेसवर, एकही आऊट नाही आणि राखीव फलंदाज संपलेले. बॅट घेऊन उतरला पिचर काइल लोश, आणि त्याने बंट केला. तक्त्यानुसार या बंटने अपेक्षित धावा किंचित कमी झाल्या. पण पिचर बॅट फिरवून काय दिवे लावणार, हे धरलं तर तो डाव योग्यच होता. नियमही बदलतात. २०२० पासून साखळी सामन्यांत प्रत्येक जादा इनिंग दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवून सुरू होते, प्लेऑफमध्ये तसं नाही. साखळीत दहाव्या इनिंगचा जुना तक्ता वापरला तर उत्तर चुकणारच. या पिचरविरुद्ध हा बॅटर १२ पैकी ५ वेळा यशस्वी, अशा पाट्या तर खुशाल दुर्लक्षित कराव्यात. बारा खेपांवरून कौशल्य आणि योगायोग वेगळे करता येत नाहीत.

टीव्हीचा मुख्य कॅमेराही सहसा सेंटर फिल्डच्या (बॅटरच्या समोरच्या टोकाच्या) बरोबर मधोमध नसतो, थोडा बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे प्लेटची कड चाटून गेलेला चेंडू बाहेरचा वाटू शकतो, तेव्हा निर्णय पडद्यावरच्या चौकटीत बघावा. स्ट्रीमिंगचं चित्र मैदानापेक्षा मागे असतं आणि सूचना आधी येते, म्हणून थरार हवा असेल तर फोनच्या सूचना बंद ठेवाव्यात. भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळेचं गणित सोपं आहे: हंगामाच्या काळात न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, आणि लॉस एंजेलिसचे सात म्हणजे सकाळचे साडेसात.

२०२६ च्या हंगामापासून काउंटचं मोल प्रेक्षकाला आणखी थेट दिसणार आहे. अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावून लगेच आव्हान देऊ शकतो. संघाला दोन आव्हानं मिळतात, आणि बरोबर ठरलेलं आव्हान शाबूत राहतं. यंत्राचा झोन खेळाडूच्या उंचीवर ठरतो: वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. डगआऊटमधून मदत घ्यायची नाही, ठरवायचं ते लगोलग. आता आव्हान कधी वापरायचं? ०-० काउंटवर बॉल आणि स्ट्राइक यांतला फरक सरासरी ०.०८ धावांच्या आसपास असतो. ३-२ वर तोच चेंडू एकतर वॉक असतो नाहीतर आऊट, आणि फरक ०.६ धावांपर्यंत जातो, म्हणजे सात-आठ पट. बेस भरलेले असतील तर त्याहूनही जास्त. दुसऱ्या इनिंगमध्ये पहिल्याच चेंडूवर डोक्याला हात लावणारा बॅटर दिसला, तर त्याला चेंडू नीट दिसला असेलही, पण आव्हान त्याने स्वस्तात पणाला लावलं आहे.