शिंप्याचं दुकान नेमकं कुठं होतं?

कोजागिरीला नागपुरात, प्रतापनगरच्या आमच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत एक खेळ चालला होता. प्रत्येकानं आपलं एक गाणं मोबाईलवर लावायचं आणि ते ऐकताना काय आठवतं ते सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा मी १९८४ च्या जूनमधली दुपार सांगितली. दहावीचा निकाल घेऊन सायकलनं घरी निघालो होतो. गोकुळपेठ बाजारासमोर चेन उतरली आणि तिथल्या शिंप्याच्या रेडिओवर हे गाणं लागलं. मशीनचा खडखडाट, शेजारच्या खिडकीतल्या कूलरमधून येणारा ओल्या वाळ्याचा वास, बोटांना लागलेलं काळं ग्रीस, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. सांगून होताच ताई म्हणाली, "काहून रे, गोकुळपेठ कुठून आणलं तू? तेव्हा आपण महालात राहत होतो ना! गोकुळपेठेत आलो ते पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला."

तिचं बरोबर होतं. महाल म्हणजे नागपूरचा जुना भाग. शाळा महालात, घर महालात. निकालाच्या दिवशी मी गोकुळपेठेत जायचं काही कारणच नव्हतं. तरी हे लिहितानाही मला ते दुकान गोकुळपेठेतच दिसतं.

आमच्यातले एक काका म्हणाले, "मेंदू म्हणजे टेप आहे. एकदा भरलं की भरलं, बटन तेवढं सापडलं पाहिजे." हा समज घरोघरी आहे आणि त्याला मोठ्या माणसाचा आधारही मिळाला होता. कॅनडातल्या माँट्रियल शहरात वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद अपस्माराच्या रुग्णांवर ते जागे असतानाच शस्त्रक्रिया करत. मेंदूच्या पृष्ठभागाला त्यांनी विजेचा हलका स्पर्श केला की काही रुग्णांना गाणी ऐकू येत, जुने प्रसंग दिसत. सगळं आत नोंदलेलं आहे, असं पेनफिल्डना त्यावरून वाटलं. पण १९६३ साली त्यांनीच सहकाऱ्यासोबत मांडलेल्या हिशेबात ११३२ रुग्णांपैकी असा अनुभव आलेले फक्त ४० निघाले. टेप असती तर इतक्या थोड्यांचीच का वाजली असती?

खरी यंत्रणा टेपपेक्षा कितीतरी देखणी आहे, आणि मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग असतो. गाण्याचा सूर मेंदूत एकीकडे उलगडतो, वाळ्याचा वास दुसरीकडे, रस्त्याचं दृश्य तिसरीकडे. हे सगळे त्या दुपारी एकत्र हजर होते, एवढी हजेरी हिप्पोकॅम्पस मांडून ठेवतो. त्यातल्या एका पट्ट्याचं नाव सीए-३. इथल्या चेतापेशींची खासियत अशी की त्या बाहेरून निरोप घेतातच, पण त्याहून जास्त आपसातच बोलतात. मोठ्या जातीच्या उंदराच्या मेंदूत एका बाजूच्या सीए-३ मध्ये साधारण तीन लाख मुख्य पेशी असतात, आणि त्यातल्या एकेकीवर सुमारे १२ हजार जोडण्या सीए-३ मधल्याच दुसऱ्या पेशींकडून आलेल्या असतात.

आपल्याकडचं भजनी मंडळ डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षं सोबत बसलेली माणसं. दोघांनी धृपद धरलं की उरलेले आपोआप उचलतात. पेटीवाला, खंजिरीवाला, मागच्या रांगेतले म्हातारे, सगळे. पूर्ण भजन कुणा एकाच्या डोक्यात लिहिलेलं नसतं. ते 'हा म्हणाला की मी म्हणायचं' या सवयीत असतं. सीए-३ मध्ये हेच घडतं. त्या दुपारी ज्या पेशी एकाच वेळी जाग्या होत्या, त्यांच्यातल्या जोडण्या घट्ट झाल्या. पुढे गाण्याच्या सुरानं त्यातल्या थोड्या पेशी उठवल्या की त्या बाकीच्यांना उठवतात आणि वास, ग्रीस, मशीन, सगळं मंडळ गायला लागतं. थोडक्यावरून सगळं उभं करण्याच्या या क्रियेला आकृतिपूर्ती म्हणता येईल. डेव्हिड मार या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ साली ही कल्पना गणितासकट मांडली.

जोडणी घट्ट कशी होते? पेशीच्या पडद्यावर एन-एम-डी-ए नावाचं एक दार असतं. त्याला दोन अटी लागतात. समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट हे रसायन आलं पाहिजे, आणि नेमकं त्याच वेळी ही पेशी स्वतःही उत्तेजित असली पाहिजे. कारण दाराच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेला कण, बुचासारखा बसलेला असतो. पेशीच्या आतला ऋण विद्युतभार त्याला ओढून धरतो. पेशी उत्तेजित झाली की ही ओढ सैल होते, बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि त्याच्या इशाऱ्यानं ती जोडणी बळकट होते. म्हणजे 'आपण दोघं एकाच वेळी हजर होतो' हे ओळखणारं हे रेणूच्या आकाराचं यंत्र आहे. एवढ्याशा दारात ही अट कशी बसली असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत, फक्त सीए-३ मध्ये हे दार नसलेले उंदीर तयार केले होते. गढूळ पाण्याच्या गोल टाक्यात एक चौथरा बुडवलेला, भोवती चार खुणा. त्या खुणांवरून उंदरांनी चौथरा शोधायचा. चारही खुणा असताना हे उंदीर इतरांइतकेच हुशार ठरले. मग तीन खुणा काढून घेतल्या. साध्या उंदरांना उरलेली एक खूण पुरली. सीए-३ मध्ये दार नसलेले मात्र चाचपडत राहिले. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. माझ्यासाठी ते गाणं म्हणजे उरलेली एक खूण.

आता गोकुळपेठेकडे येऊ. मंडळ तेच असतं, भजनं अनेक असतात. दोन भजनांच्या ओळी सारख्या असल्या की एकातून सुरू झालेलं गाणं नकळत दुसऱ्यात शिरतं आणि मंडळाला पत्ताही लागत नाही, कारण सगळे सुरातच असतात. १९८५ च्या दसऱ्याला आम्ही गोकुळपेठेत राहायला आलो, तिथंही शिंपी होता, त्याच्याकडंही रेडिओ होता. महालातली दुपार तिथं घसरली. शिवाय ही गोष्ट मी आजवर अनेकदा सांगितली आहे. करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर दाखवलं की जाग्या केलेल्या भीतीच्या आठवणीला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. त्या थोड्या वेळात मेंदूत नवी प्रथिनं बनू दिली नाहीत तर ती आठवण विरते. माणसांच्या रोजच्या आठवणींत हे कितपत होतं यावर वाद आहे. पण दर वेळी सांगताना मी गोकुळपेठ म्हणत गेलो आणि प्रत्येक सांगण्यानं ते पक्कं झालं, एवढं मला पटतं.

गाणी इतकी चांगली खूण का ठरतात? एक तर ध्वनिमुद्रित गाणं बदलत नाही. शिंपी म्हातारा होतो, दुकान जातं, पण सुरावट तीच राहते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रेडिओच्या काळात गाणं एक-दोन वर्षं सगळीकडे वाजायचं आणि मग कानाआड व्हायचं. त्यामुळे ते त्याच दिवसांना चिकटून राहायचं. एकाच चालीवर वीस भजनं बसवली तर चाल ऐकून कोणतं भजन ते कळत नाही. एका खुणेला फार आठवणी बांधल्या की ती एकही नीट खेचून आणत नाही, हे स्मृतीच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. म्हणून आवडतं गाणं रोज लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे सर्वांत ठसठशीत राहतात, हेही ठाऊक असलेलं बरं. पण गच्चीवर आमच्या पुतणीनं तिच्या आईच्या तरुणपणीचं गाणं लावलं तेव्हा मला २०१३ चा एक अमेरिकी अभ्यास आठवला. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांसोबत आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटतात, असं त्यात आढळलं होतं. घरात जे वाजतं ते मुरतं.

याचा अर्थ पोटातल्या बाळाला ठरावीक संगीत ऐकवलं की ते हुशार निपजतं, असा मुळीच नाही. अशा जाहिरातींत अनेकदा मोत्झार्ट या युरोपी संगीतकाराच्या संगीतावरच्या ज्या प्रयोगाची साक्ष काढतात, तो १९९३ चा प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. दहा मिनिटं संगीत ऐकल्यावर आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले, आणि तो परिणाम पाव तासापलीकडे टिकला नाही. त्यात एकही बाळ नव्हतं. गरोदर बाईनं आवडीचं गाणं आनंदानं ऐकावं. त्यासाठी महागडे संच विकत घेऊ नयेत.

माझ्या मोठ्या आईला शेवटच्या वर्षांत पोटच्या मुलाची ओळख राहिली नव्हती. पण कुणी खंजिरी हातात घेतली की ती तुकडोजी महाराजांचं भजन पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणायची. ते म्हणणं हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर नव्हतं. २०१५ साली लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं की जुन्या ओळखीच्या गाण्यांशी जोडलेले मेंदूतले भाग अल्झायमरमध्ये तुलनेनं उशिरा झिजतात. भजन उरलं होतं. ते कोणासोबत, कोणत्या ओसरीवर शिकली, हे मात्र तिला सांगता येत नव्हतं. गाणं आठवणं आणि गाण्यानं आठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

कोजागिरीला दूध पिता पिता ताईनं आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दुपारी ती माझ्या मागे डबल सीट बसली होती, आणि चेन मी बसवलीच नव्हती. शिंपी मशीनवरून उठून आला आणि त्यानं बसवून दिली. मला यातलं काही आठवत नव्हतं. पण त्याला आता पंधरा दिवस झालेत आणि डोळे मिटले की सायकलच्या चेनवर वाकलेला शिंपी मला दिसतो. त्याच्या बोटात अंगुस्तान आहे. अंगुस्तानाबद्दल ताई काहीच बोलली नव्हती.