रेडियस की अल्ना? आधी हेड शोधा

शरीररचनेच्या परीक्षेत हाताची सुटी हाडं ओळखताना खांद्याचं पातं कुणी चुकवत नाही. गळ्याखालचं, इंग्रजी एससारखं वळलेलं क्लॅव्हिकलही लगेच कळतं. दंडात तर एकटं ह्यूमरस. घोळ होतो तो कोपराखालच्या जोडीत, म्हणजे रेडियस आणि अल्नात.

‘अंगठ्याकडचं रेडियस, करंगळीकडचं अल्ना’ हे सगळ्यांना पाठ असतं. चूक नाही त्यात काही. पण टेबलावर सुटं हाड समोर आलं की अंगठा शोधायचा कुठे? तोंडी परीक्षेत हे वाक्य म्हणून गप्प होणारे पाहिले की माझं डोकं फिरतं.

खरी गोम ‘हेड’, म्हणजे हाडाचं गोलसर टोक, या शब्दात आहे. ह्यूमरसचं हेड वर, मांडीतल्या फीमरचंही वरच. त्या सवयीनं अल्नाचंही वरच धरतात आणि हाड उलटं पकडतात. रेडियसचं हेड वर, कोपरापाशी असतं. अल्नाचं मात्र खाली, मनगटापाशी. या दोघांत हेड म्हणजे लहान टोक, एवढं धरून चाला.

असं का? कोपरात ह्यूमरसला धरून ठेवतं ते अल्ना, म्हणून त्याचं वरचं टोक पान्याच्या जबड्यासारखं आ वासलेलं. मनगटात पंजाचा भार घेतं ते रेडियस, म्हणून ते खाली रुंद. अल्ना मनगटाच्या हाडांना थेट टेकतसुद्धा नाही, मध्ये कूर्चेची चकती असते. हात टेकून पडलं की बहुतेकदा रेडियसच मोडतं ते यामुळेच. आयरिश शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये या मोडीचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रे नव्हता.

स्वतःच्या हातावर बघा. कोपराचं टोक म्हणजे अल्ना. तिथून बोट खाली सरकवत नेलं तर हाडाची कड थेट मनगटापर्यंत लागते. तळवा जमिनीकडे केल्यावर मनगटाच्या मागे, करंगळीच्या बाजूला जो उंचवटा दिसतो, ते अल्नाचं हेड. आता कोपर सरळ करून त्याच्या मागे, बाहेरच्या अंगाला जी खळी पडते तिच्यात बोट ठेवा आणि तळवा उलटसुलट करा. बोटाखाली गरकन फिरतं ते रेडियसचं हेड. अल्ना जवळजवळ जागचं हलत नाही. रेडियस त्याच्यावरून आडवं जातं.

डावं-उजवं सोपं आहे. अल्नाचा जबडा वर आणि समोर ठेवा; त्याच्या कडेची छोटी खाच ज्या बाजूला येईल, त्या हाताचं हाड. रेडियसचं रुंद टोक खाली, खाचाखोचांची बाजू मागे. खालचा टोकदार उंचवटा, म्हणजे स्टायलॉइड, जिकडे, त्या हाताचं.

आणि ‘स्टायलॉइड दिसलं, म्हणजे रेडियस’ असं ठोकून देऊ नका. अल्नालाही ते असतं आणि तेही खालीच. रेडियसचं सुमारे एक सेंटीमीटर जास्त खाली उतरतं, पण ते दोन्ही हाडं जागेवर असतील तेव्हाच कळणार.