सुपर पहिल्याच ओळीत का लागत असे?

सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या जावा 25 ने, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्तीने, एक जुनी सक्ती काढून टाकली. चाइल्ड क्लास म्हणजे दुसऱ्या, पॅरेंट क्लासवरून बनलेला क्लास; त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये) सुपरचा कॉल, म्हणजे पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरला बोलावणे, पहिल्याच ओळीत हवा, हा नियम 1996 पासून चालत आला होता.

आधी पॅरेंट, मग चाइल्ड हा क्रम त्याहून जुना. नॉर्वेत तयार झालेल्या सिम्युला 67 या भाषेतही पॅरेंट क्लासचा कोड आधी चालायचा. सी++ ने त्यात एक खबरदारी घेतली: पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत ऑब्जेक्ट पॅरेंटचाच मानायचा, त्यामुळे तिथून केलेला व्हर्च्युअल कॉल (ऑब्जेक्ट ज्या क्लासचा, त्याची मेथड, म्हणजे क्लासमधले फंक्शन, निवडणारा कॉल) चाइल्डच्या मेथडपर्यंत जात नाही. जावाने ही खबरदारी घेतली नाही.

पहिल्या ओळीच्या नियमाचा हेतू रास्त होता. पॅरेंटचा भाग तयार होण्याआधी अर्धवट ऑब्जेक्टला कोणी हात लावू नये. पण बंदी गरजेपेक्षा फारच मोठी झाली. समजा, ‘खाते’चा चाइल्ड ‘बचतखाते’ आहे आणि रक्कम ऋण आली तर ऑब्जेक्ट बनूच द्यायचा नाही. या तपासणीचा ऑब्जेक्टशी काही संबंध नाही, तरी ती सुपरच्या आधी लिहिता येत नसे. मग एक स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणारी) मेथड काढून ती सुपरच्या कंसात कोंबायची: सुपर(तपासून(रक्कम)). जेव्हीएमला, म्हणजे जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेला, असा कोड आधी चालवायला अडचण नव्हतीच. अडवत होता तो कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्राम. ही सक्ती खूप आधी जायला हवी होती.

कारण खरा धोका तिने टाळलाच नाही. ‘खाते’च्या कन्स्ट्रक्टरने नोंद() बोलावली आणि ‘बचतखाते’ने ती ओव्हरराइड केलेली (स्वतःची वेगळी लिहिलेली) असली, तर चाइल्डची मेथड त्याची फील्ड्स (ऑब्जेक्टमधली मूल्ये) भरण्याआधीच चालते. व्याजदर शून्य, नाव नल (रिकामे), आणि नियम मात्र तंतोतंत पाळलेला! स्विफ्टने 2014 पासूनच क्रम उलटा ठेवला: आधी स्वतःच्या प्रॉपर्टी भरा, मग सुपर. जावास्क्रिप्टच्या 2015 च्या क्लासमध्ये सुपरआधी ‘धिस’ (म्हणजे तयार होत असलेला ऑब्जेक्ट) वापरता येत नाही, बाकी कोड चालतो. पायथन आणि पीएचपीत चाइल्डने स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला की पॅरेंटचा आपोआप चालतच नाही.

जावातला बदल मार्च 2024 च्या जावा 22 मध्ये प्रीव्ह्यू (आजमावून पाहण्यासाठीची तात्पुरती सोय) म्हणून आला, तेव्हा सुपरआधी फक्त तपासणी आणि आकडेमोड करता येत होती. स्वतःची फील्ड्स सुपरआधी भरण्याची मुभा जावा 23 च्या प्रीव्ह्यूत मिळाली, आणि ओव्हरराइडच्या त्या धोक्यावर इलाज सापडला तो तिथे.