काचेवरचा चेहरा हेन्री वेल्सचा?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात पिकन्स नावाची ग्रामीण काउंटी आहे. तिथल्या कॅरलटन गावातल्या कोर्टाच्या पोटमाळ्याच्या खिडकीत एका काचेवर माणसाच्या चेहऱ्यासारखा डाग दिसतो. नेमकी काच हेरता यावी म्हणून बाहेरून बाणही लावलाय! सांगतात ते असं: कोर्ट जाळल्याचा आळ आलेल्या हेन्री वेल्स या कृष्णवर्णीयाला तिथे लपवलं, तो खाली जमलेल्या झुंडीकडे बघत असताना वीज कडाडली आणि चेहरा काचेवर उमटला.

आता तारखा बघा. पहिलं कोर्ट 1865 मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्याने जाळलं, दुसरं नोव्हेंबर 1876 मध्ये जळालं. आजची इमारत तिसरी. वेल्स पकडला गेला जानेवारी 1878 मध्ये. पळताना गोळ्या लागल्या आणि त्या जखमांनीच काही दिवसांत गेला. खिडक्या बसल्या त्यानंतर, फेब्रुवारीत. म्हणजे तो जिवंत असताना ती काच तिथे नव्हतीच. शिवाय वीज काही फोटो काढत नाही.

झुंडीची भीती मात्र खोटी नव्हती. त्या काळात अलाबामात कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारल्याच्या घटना खरोखर घडत होत्या.