गर्भारपणातील उच्च रक्तदाब व आहार

गर्भवतीचा रक्तदाब किमान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजून १४०/९० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक भरल्यास तो उच्च मानतात. विसाव्या आठवड्यानंतर तो प्रथमच वाढला आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागले, किंवा यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांवर परिणाम दिसला, तर त्यास प्रीएक्लॅम्प्सिया (जुन्या ग्रंथांत टॉक्सिमिया) म्हणतात. आहार हा उपचाराला पूरक असतो. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन यांसारख्या औषधांची जागा तो घेत नाही.

सर्वांत जुना वाद मिठाचा. सूज म्हणजे मिठाने साठलेले पाणी, या समजुतीतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अळणी पथ्य रूढ झाले. १९५८ मध्ये मार्गारेट रॉबिन्सन यांनी लंडनमधील सुमारे २,००० गर्भवतींची पाहणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली, जास्त मीठ खाण्यास सांगितलेल्या गटात टॉक्सिमिया उलट कमी आढळला. आजच्या निकषांवर ती पाहणी सैलच ठरेल. तथापि नंतरच्या चाचण्यांतही अळणी पथ्याला आधार मिळाला नाही, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी मीठ तोडण्याची शिफारस करू नये असे सांगितले. या विकारात रक्तवाहिन्यांतील द्रव बहुधा आधीच घटलेला असतो, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. गर्भधारणेपूर्वीपासूनच रक्तदाब असलेल्या स्त्रीला मात्र मीठ बेताचेच ठेवायला सांगतात. मुंबईतल्या स्वयंपाकात पापड, लोणचे, सुके बोंबील आणि फरसाण यांवर आधी हात आखडावा. वरणभात अळणी करण्याचे कारण नाही.

कॅल्शियमची बाजू भक्कम आहे. ग्वाटेमालातील माया स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि त्यांच्यात हा विकार कमी आढळतो, यावरून १९८० च्या सुमारास बेलिझान व व्हिलार या संशोधकांनी कॅल्शियमने प्रीएक्लॅम्प्सिया टळू शकतो ही कल्पना पुढे आणली. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या प्रदेशांत जागतिक आरोग्य संघटना रोज १.५ ते २ ग्रॅम सुचवते. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत चौदाव्या आठवड्यापासून रोज ५०० मिग्रॅ.च्या दोन गोळ्या आहेत. त्या लोहाच्या गोळीसोबत घेत नाहीत. बंगळूरु व टांझानियातील चाचण्यांत (२०२४) ५०० मिग्रॅ. मात्राही १,५०० मिग्रॅ.च्या तोडीची ठरली. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते.

खोकल्यावर चघळले जाणारे ज्येष्ठमध रक्तदाब वाढवते, म्हणून वर्ज्य.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात ‘सरस’ प्रकल्पात गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांचा खाऊ देण्यात आला. त्यात गर्भकालीन मधुमेह घटल्याचे दिसले. आखणी मात्र बाळाच्या जन्मवजनासाठी होती, रक्तदाबासाठी नव्हे.